निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं: कंपन्यांकडून आणि ऑफिसातल्या लोकांकडून उत्तर कसं काढून घ्यायचं

मेसेज वाचलाय, समोरच्याने मधल्या काळात स्वतःचं स्टेटससुद्धा बदललंय, पण तुम्ही विचारलेल्या साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याला वेळ नाही. किंवा कंपनीचा "आपली तक्रार मिळाली, लवकरच संपर्क करू" असा मेल येऊन आठवडा उलटलाय आणि तो लवकर काही येत नाहीये. डोकं फिरतं, फिरणारच. पण "हा असं का करतोय" याचा विचार करत बसलात की तुमचीच संध्याकाळ जाते, त्याची नाही जात.

मी याकडे हिशोबाने बघते. उत्तर द्यायला समोरच्याचा वेळ जाणार, कदाचित काहीतरी शोधावं लागणार, कदाचित "अजून झालं नाही" असं कबूल करावं लागणार. उत्तर न देण्याचा खर्च आत्ता तरी शून्य. म्हणून तो गप्प बसतो, त्यात दरवेळी दुष्टपणा असतोच असं नाही. तर करायचं एवढंच, की आधी उत्तर देणं त्याला एकदम स्वस्त करून द्यायचं, आणि तरी नाही हललं तर गप्प बसणं हळूहळू महाग करत न्यायचं, आवाज न चढवता. बरेच जण पहिला भाग सोडून थेट दुसऱ्यावर उडी मारतात, नाहीतर आयुष्यभर पहिल्यावरच "प्लीज बघा ना" करत राहतात. खालच्या स्टेप्स क्रमानेच करा.

स्टेप १: मेसेज पोचलाय का ते आधी बघा

हे कंटाळवाणं वाटतं पण यात निम्मा राग वाचू शकतो. व्हॉट्सॲपवर एक करडी टिक म्हणजे तुमच्याकडून गेला, दोन करड्या म्हणजे फोनपर्यंत पोचला, दोन निळ्या म्हणजे उघडला. निळ्या टिका २०१४ मध्ये आल्या आणि त्या बंद ठेवता येतात, त्यामुळे करड्याच दिसतायत म्हणजे वाचला नाही असं धरू नका. ग्रुपमध्ये मात्र त्या बंद करता येत नाहीत, आपल्या मेसेजवर दाबून धरून माहिती उघडली की कोणी कोणी वाचलाय ते दिसतं. आणि कंपनीच्या नंबरवर निळ्या टिका आल्या तर फार काही समजू नका, तो नंबर अनेकदा चार-पाच जण मिळून बघत असतात नाहीतर बॉट बघत असतो, एकाने उघडला आणि दुसरा बघेल म्हणून सोडला हे अगदी रोजचं आहे.

मेलचं वेगळं. समोरचा सर्व्हर बंद असेल तर तुमचा सर्व्हर लगेच हार मानत नाही, निरोप पोचवायचा प्रयत्न मेलच्या प्रमाणित नियमांनुसार चार-पाच दिवस चालू राहू शकतो, म्हणजे "मेल पोचला नाही" हा निरोपच तुम्हाला चौथ्या-पाचव्या दिवशी मिळू शकतो. पत्त्यातलं एखादं अक्षर चुकलंय का बघा. जड फाईल जोडली होती का बघा, जीमेलवर २५ एमबीची मर्यादा आहे, समोरच्या ऑफिसची त्याहून कमी असू शकते. ज्या पत्त्यात नो-रिप्लाय लिहिलंय त्याला रिप्लाय केला असेल तर तो सहसा कोणीच वाचत नाही, तो सोडून द्या. आणि स्वतःचा स्पॅम फोल्डर उघडा, हे कोणी करत नाही आणि नेमकं उत्तर तिथेच पडलेलं असतं. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी उडवतं, म्हणजे महिनाभर रागावून बसलात तर पुरावाही गेला.

वेबसाइटवरचा तक्रार फॉर्म भरताना सबमिट दाबायच्या आधी एक स्क्रीनशॉट आणि दाबल्यावर एक. बऱ्याच फॉर्मची प्रत तुम्हाला येतच नाही, नंतर "आम्हाला काही मिळालं नाही" म्हटलं की तुमच्या हातात काही उरत नाही.

स्टेप २: मेसेज असा लिहा की उत्तर एका ओळीत देता येईल

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. ऑफिसात रोज जाणारा एक मेसेज बघा:

"हाय, बिझी आहेस का? ते रिपोर्टचं जरा बघायचं होतं. तू आकडे देणार होतास ना मागे? आणि फॉरमॅट नवीन घ्यायचा की जुना? सर पण काहीतरी म्हणत होते. बघ ना जरा."

यात प्रश्न किती आहेत ते मोजायला लागतं. कोणते आकडे, कधीपर्यंत, सर काय म्हणाले, हे सगळं समोरच्याने स्वतः आठवून काढायचं. तो मीटिंगमध्ये असताना हे वाचतो, "नंतर निवांत बघू" म्हणतो आणि ते निवांत कधीच येत नाही. आता हाच दुसऱ्या पद्धतीने:

"तिमाही रिपोर्टसाठी तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे, परत आलेल्या ऑर्डरींचा मार्चचा आकडा. गुरुवारी दुपारी ३ पर्यंत मिळाला तर रिपोर्ट शुक्रवारी सकाळी जाईल. तुझ्याकडे नसेल तर कोणाकडे आहे तेवढं सांग, मी त्यांना विचारते."

एक मागणी, एक वेळ, ती वेळ का आहे त्याचं कारण. आणि शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. खूप लोक गप्प बसतात कारण त्यांच्याकडे उत्तर नसतं किंवा काम झालेलं नसतं आणि ते सांगायची लाज वाटते. त्यांना बाहेर पडायला एक दार उघडं ठेवलं की "अगं ते माझ्याकडे नाही, अकाउंट्सकडे आहे" असं उत्तर दोन मिनिटांत येतं, आणि तुम्हाला तेवढंच हवं असतं.

दोन प्रश्न असतील तर १ आणि २ नंबर टाका, नाहीतर पहिल्याचं उत्तर येतं आणि दुसरा कायमचा हवेत राहतो. निर्णय हवा असेल तर "काय करूया?" असं मोकळं विचारू नका, "अ करू की ब? माझं मत अ" असं विचारा, मग समोरच्याला फक्त "अ" टाइप करायचं असतं. आणि नुसतं "हाय" पाठवून समोरच्याची वाट बघणं बंदच करा, तो "हाय" म्हणणार, मग तुम्ही टाइप करणार, तोपर्यंत तो जेवायला गेलेला.

रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी पाठवत असाल तर घाई नसल्याचं स्पष्ट लिहा. लॉरा जिउर्जे आणि व्हनेसा बोन्स यांनी २०२१ मध्ये छापलेल्या संशोधनात दिसलं की ऑफिसच्या वेळेनंतर आलेल्या, अजिबात तातडीच्या नसलेल्या मेललाही लवकर उत्तर द्यायला हवं असं वाचणाऱ्याला वाटतं, पाठवणाऱ्याच्या मनात असतं त्यापेक्षा कितीतरी लवकर, आणि त्याचा ताण येतो. "सोमवारी बघितलं तरी चालेल" ही एक ओळ तो ताण कमी करते. शेड्यूल करून सोमवारी सकाळीच पाठवला तर त्याहून बरं.

स्टेप ३: सगळ्यांना विचारू नका, एकाला विचारा

"टीम, कोणीतरी हे प्लीज बघा" या मेसेजला उत्तर न येण्यात नवल काहीच नाही. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग छापला. माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होती, मध्येच त्यातल्या एकाला फिट आल्यासारखा आवाज ऐकू आला (ते आधीच केलेलं रेकॉर्डिंग होतं). हे फक्त आपल्यालाच ऐकू येतंय असं ज्यांना वाटत होतं त्यातले ८५ टक्के लोक तो झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्केच. समोर माणूस गुदमरतोय असं वाटत असताना ही गत, तिथे तुमच्या एक्सेल शीटची काय कथा!

म्हणून ग्रुपवर टाकायचंच असेल तर नाव घ्या: "हे अमुकने बघायचं आहे, बाकीच्यांच्या माहितीसाठी." मेलमध्ये ज्याने करायचंय तो एकटाच टू मध्ये, बाकी सगळे सीसीत. टू मध्ये सहा नावं टाकलीत की सहाही जण स्वतःला सीसीतच समजतात.

स्टेप ४: आठवण करून द्यायची ती पण नीट

मेसेज पाठवला त्याच क्षणी कॅलेंडरमध्ये पुढची तारीख टाकून मोकळे व्हा. याने दोन गोष्टी होतात, एक म्हणजे तुम्ही विसरत नाही आणि दुसरं म्हणजे त्या तारखेपर्यंत दर तासाला फोन उघडून टिका बघायची गरज राहत नाही. सहकाऱ्याला कामाचे दोन दिवस, कंपनीने स्वतः मुदत सांगितली असेल तर ती, नसेल सांगितली तर साधारण एक आठवडा, असं मी धरते. काम पेटलेलं असेल तर अर्थातच कमी.

आठवण त्याच थ्रेडमध्ये, पण प्रश्न पुन्हा पूर्ण लिहून. नुसतं "??" किंवा "काही अपडेट?" टाकलं की समोरच्याला वर स्क्रोल करून शोधावं लागतं, म्हणजे तुम्ही त्याचं काम वाढवलं. "मागे म्हटलं होतं ना" आणि "तिसऱ्यांदा विचारतेय" हे टोमणे आपल्याला बरे वाटतात, त्याने उत्तर लवकर येतं असं मला तरी दिसलेलं नाही.

पहिली आठवण वाया गेली की दुसरी त्याच मार्गाने पाठवू नका, मार्ग बदला. फोन करा, जागेवर जाऊन भेटा, दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल मागा. महदी रोघानिजाद आणि वर नाव आलेल्या त्याच व्हनेसा बोन्स यांच्या २०१७ च्या प्रयोगात अनोळखी लोकांना एक सर्व्हे भरायची विनंती करायची होती, समोरासमोर केलेली विनंती मेलपेक्षा ३४ पट जास्त यशस्वी झाली. ते अनोळखी लोक होते, म्हणून तुमच्या ऑफिसात ३४ चा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, पण दिशा तीच आहे, मेलला नाही म्हणणं सोपं असतं आणि तोंडावर अवघड. फक्त बोलणं झालं की लगेच दोन ओळी लेखी टाकायच्या: "आत्ता फोनवर ठरलं ते असं, आकडा तू उद्या १२ पर्यंत देतोयस." हे केलं नाही तर आठवड्याने "मी असं म्हटलंच नव्हतं" सुरू होतं.

स्टेप ५: ऑफिसात उत्तराविना पुढे कसं जायचं

ही युक्ती एकट्याने निम्मं काम करते. निर्णय तुमच्या अधिकारातला असेल आणि फक्त समोरच्याची सहमती हवी असेल तर असं लिहा:

"नवीन फॉरमॅटबद्दल बुधवारी संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही तर मी जुनाच धरून गुरुवारी सकाळी काम सुरू करते. नंतर बदलायचा झाला तर दोन दिवस वाढतील."

आता गप्प बसणं हाच एक निर्णय झाला, आणि तो लेखी आहे. ज्याला खरंच हरकत आहे तो पाच मिनिटांत उगवतो, गंमत म्हणून करून बघा. पण हे कुठे वापरायचं नाही तेही सांगते: पैसे खर्च होणार असतील, ग्राहकाला शब्द द्यायचा असेल, कोणाची सही लागत असेल, सुरक्षेचा प्रश्न असेल. तिथे "काही कळलं नाही म्हणून केलं" हे कोणी ऐकून घेणार नाही आणि घेऊही नये.

एकच माणूस कायम असं करत असेल तर बॉसला सीसी करायच्या आधी त्याच्याशी एकट्याने बोला. आरोप न करता साधं विचारा, "मी मेलवर विचारते ते तुझ्याकडे राहून जातंय, तुला कुठे विचारलं तर सोयीचं?" काही लोक मेल बघतच नाहीत पण चॅटवर लगेच असतात, काहींना दिवसभर मेसेजचा पूर आलेला असतो आणि सकाळचे दहा मिनिटं बोललेलं परवडतं. अचानक बॉसला सीसीत टाकलं की काम एकदा होतं आणि संबंध कायमचे बिघडतात, तो सौदा फार क्वचित फायद्याचा.

तरीही नाही सुधारलं तर वर न्यायचंच, त्यात चुगली वगैरे काही नाही. फक्त माणसाबद्दल बोलू नका, कामाबद्दल बोला: "मार्चचा आकडा मी १२ तारखेला आणि १४ तारखेला मागितला, आज फोनही केला, अजून मिळाला नाही. शुक्रवारची तारीख हुकू शकते. दुसरं कोणी देऊ शकेल का, की तारीख पुढे नेऊया?" बॉसच्या पुढे तक्रार ठेवण्यापेक्षा दोन पर्याय ठेवले की तो पटकन एक निवडतो.

आणि गप्प बसणारा स्वतः बॉसच असेल तर? मग दिवसभर सुटे सुटे प्रश्न पाठवू नका. एकाच ठिकाणी साठवा, प्रत्येकापुढे हो/नाही करता येईल असं लिहा, आणि आठवड्यातले पंधरा मिनिटं ठरवून घ्या.

स्टेप ६: कंपनीशी वागताना तिथे माणूस नसतो, रांग असते

सहकाऱ्याला तुमचं तोंड बघायचं असतं, कंपनीच्या सपोर्टमधल्या पोराला नसतं. त्याच्यासमोर तिकिटांची, म्हणजे नंबर देऊन नोंदवलेल्या तक्रारींची, रांग आहे आणि ठरलेली साचेबद्ध उत्तरं आहेत. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, त्याला पैसे परत करायचा अधिकारच बहुतेक वेळा नसतो. त्याच्या साच्यात बसेल अशी तक्रार दिली की पुढे सरकते:

"ऑर्डर क्रमांक अमुक, खरेदीची तारीख ३. मशीन १० तारखेला बंद पडलं, वॉरंटी चालू आहे. ११ ला तक्रार नोंदवली, तिकीट क्रमांक तमुक. टेक्निशियन १४ ला येणार होता, आला नाही, फोनही नाही. मला दुरुस्ती नाहीतर बदली मशीन हवं आहे. २२ तारखेपर्यंत भेटीची पक्की वेळ कळवा. बिल आणि फोटो जोडले आहेत."

काय झालं, काय हवं, कधीपर्यंत. तुम्हाला किती मनस्ताप झाला याचे चार परिच्छेद लिहिलेत तर त्यात मागणी हरवते, मनस्ताप खरा असला तरी.

तिकीट एकच ठेवा. रोज नवीन तक्रार टाकली की जोर वाढतो असं वाटतं, पण डुप्लिकेट म्हणून ती बंद केली जाते किंवा एकात एक मिसळली जाते, आणि प्रत्येक नवीन माणूस पुन्हा "आपली समस्या सांगा" पासून सुरू करतो. तिकिटाचं स्टेटस अधूनमधून बघा. "ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा" असं दिसत असेल तर त्यांनी कुठेतरी एक बारीक प्रश्न विचारलाय जो तुम्ही पाहिला नाही, आणि ठरावीक दिवसांनी तिकीट आपोआप बंद होईल. "रिझॉल्व्ह्ड" लिहून बंद केलं असेल आणि काहीच झालं नसेल तर त्याच मेलला रिप्लाय करून उघडा. फोनवर बोललात तर नाव, वेळ, संदर्भ क्रमांक लगेच लिहून ठेवा, चॅट केलं तर बंद करायच्या आधी कॉपी करून घ्या. मग वरच्या पातळीकडे द्या म्हणून सांगा, बऱ्याच कंपन्यांकडे तक्रार निवारण अधिकारी वेगळा असतो आणि त्याचा पत्ता वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो.

सोशल मीडियावर जाहीर लिहिलं की कधी कधी पटकन हालचाल होते. पण तिथे कंपनीच्या नावाने खोटी खाती टपून बसलेली असतात. तुम्ही तक्रार टाकलीत की "सर, आपला नंबर पाठवा, रिफंड करतो" असं म्हणत तीच आधी येतात. जाहीर पोस्टमध्ये फोन नंबर किंवा ऑर्डर क्रमांक टाकू नका, ओटीपी, पिन, कार्डची माहिती कोणालाच नाही, स्क्रीन शेअर करायचं ॲप तर अजिबात टाकायचं नाही. कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये शोधू नका, बिलावरचा, अधिकृत ॲपमधला किंवा कार्डाच्या मागचाच घ्या.

स्टेप ७: बाहेरचा रस्ता

कार्डने पैसे भरले असतील आणि वस्तूच आली नाही किंवा भलतीच आली तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते, याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा बऱ्याच तक्रारींसाठी १२० दिवसांची मुदत आहे, ती कधीपासून मोजायची हे तक्रारीच्या प्रकारावर ठरतं, आणि तुमची बँक त्याहून आधी अर्ज मागू शकते. म्हणून कंपनीच्या "आणखी दोन दिवस द्या" मध्ये महिने घालवू नका, पहिल्या आठवड्यातच बँकेला मुदत विचारून ठेवा. विक्रेत्याशी आधी बोललात का, असं बँक विचारते, तेव्हा वरच्या स्टेप्समधला तो एकच थ्रेड, तारखांसकट, सरळ पुढे करायचा.

कार्ड नसेल तर त्या क्षेत्राचा नियामक किंवा लोकपाल (त्या क्षेत्रातल्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) असतो का बघा, शेवटी ग्राहक न्यायालय आहेच. तिकडे जायच्या आधी एक शेवटचं पत्र द्या, दहा-पंधरा दिवसांची मुदत आणि त्यानंतर नक्की काय करणार ते एका वाक्यात. जे करणार नाही ते लिहू नका. उठसूट वकिलाचं नाव घेतलं तर बऱ्याच ठिकाणी सपोर्टवाले बोलणंच थांबवतात आणि प्रकरण कायदा विभागाकडे जाऊन पडतं, तुमची साधी दुरुस्ती राहते बाजूला.

आणि कधी सोडून द्यायचं

कोटेशन मागितलंय, काम अजून दिलेलं नाही, आणि समोरचा दोनदा विचारूनही गप्प आहे, तिथे वरचं काहीच करू नका. पैसे मिळायच्या आधी ज्याला उत्तर द्यायला जमत नाही त्याला पैसे मिळाल्यावर कुठून जमणार? दुसरा शोधा. छोटी रक्कम, मोठी डोकेदुखी असेल तरी हाच हिशोब, फक्त एकदा बसून ठरवा आणि मग तो विषय खरंच बंद करा, रोज रात्री पुन्हा उघडू नका.

उत्तर आलंच तर आधी ते पूर्ण वाचा, विचारलं त्याचंच आहे का बघा. सहकाऱ्याचं असेल तर "मिळालं, थँक्स" लगेच, उशिराबद्दल टोमणा न मारता, पुढच्या वेळी पण त्याच्याकडूनच घ्यायचंय. कंपनीचं असेल तर सोबत "तुमची समस्या सुटली का?" असं बटण येतं, त्यावर हो दाबलं की तिकीट बंद. मशीन सुरू होऊन दोन दिवस चालेपर्यंत किंवा पैसे खात्यात दिसेपर्यंत त्याला हात लावू नका.